उलट्या पंख्यांचा ठराव

गावानं एकदा नाव ठेवलं की ते आधार कार्डापेक्षा पक्कं असतं. शेरेवाडीत येऊन रामहरी शेरे कुठं राहतात असं विचारलंत, तर चार माणसं डोकं खाजवतील. उलटेतात्या म्हणा, शेंबडं पोरही बोट करून घर दाखवील. ज्ञानेशला हे चांगलं ठाऊक होतं, कारण बारामती एमआयडीसीत कामाला असताना तिथल्या कॅन्टीनमध्येसुद्धा त्याची ओळख 'उलट्याचा ज्ञानेश' अशीच करून दिली जायची. त्याला लाज वाटायची. आणि खरं सांगायचं तर गावाची नव्हे, बापाचीच लाज वाटायची.

बाप सत्तावीस वर्षं दिल्लीत होता. संसदेच्या जुन्या, गोल इमारतीत, वायरमनच्या हाताखाली. दिवे बदलायचे, शिडी धरायची, पंखे पुसायचे. बायको-पोर गावाकडे, दिवाळीला पंधरा दिवस यायचा नि जायचा. बायको वारली तेव्हा आला तो कायमचाच आला, आणि येताना त्या इमारतीचा सगळा इतिहास डोक्यात भरून घेऊन आला. सकाळी दूध डेअरीवर माणसं कॅन घेऊन जमली की तात्या सुरू व्हायचा. एकोणीसशे एकवीस साली पाया घातला, सत्तावीस साली उघडली. बाहेरून एकशे चव्वेचाळीस खांब, त्यानं स्वतः दोनदा मोजलेले. इंग्रजानं आपल्यासाठी बांधली, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक की वीस वर्षांत किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची आहे! मधल्या मोठ्या हॉलात घटना तयार झाली, तिथंच मध्यरात्री स्वातंत्र्य आलं. लोक माना डोलवायचे. एवढ्यावर थांबला असता तर गावानं त्याला गुरुजी म्हटलं असतं.

पण एका सकाळी तो म्हणाला, "आन् त्या मधल्या हॉलातलं पंखं उलटं हायती. घुमट लई उंच, वरनं टांगलं असतं तर वारा खाली पोचलाच नसता. म्हून फरशीतनं लोखंडी दांडं वर काढल्यात, आन् दांड्याच्या टोकाला पंखा."

डेअरीचा संभाजी दुधाचं फॅट बघत होता. त्यानं मान वर केली. "म्हंजी पंखा जमिनीतनं उगावतो व्हय तात्या? उसावानी?"

झालं. त्या दिवशी जो हशा पिकला तो वीस वर्षं पुरला. शिमग्याला तात्याच्या दारात बांबू रोवून त्यावर मोडका पंखा बसवला. लग्नाच्या मांडवात स्पीकरवरून पुकारा व्हायचा, "उलटेतात्यांनी वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी स्टेजवर यावं, सरळ यावं." सप्ताहाच्या पंगतीत एकदा त्याच्यापुढं पत्रावळ पालथी ठेवली आणि वाढप्यानं तिच्यावरच भात-आमटी ओतली. आमटी सगळीकडून ओघळली, धोतर भिजलं.  तात्या चिमटीनं भात उचलून जेवला. समोरच्या ओळीत ज्ञानेश बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि दुसऱ्यांदा जिलबी मागून घेतली.

गावाला खरं कळायला मार्ग नव्हता असं मुळीच नाही. ज्ञानेशची बायको अनिता एकदा मोबाईलवर फोटो घेऊन डेअरीवर गेली होती. गोल हॉल, लाकडी बाकं, मधे उभे दांडे, टोकाला पंखे. संभाजीनं फोटो पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, मोबाईलचं काय सांगताय? परवा पोरांनी माझ्या गाईला हत्तीची सोंड लावली हितं." माणसं हसली. अनिता घरी येऊन भांडी आपटत राहिली. गावाला खरं नको होतं, थट्टा हवी होती. फुकटची करमणूक कोण सोडतो?

मग यंदा ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली. विजयसिंह हा गावचा पुढारी. दोन ट्रॅक्टर, एक पॅनेल आणि बसलेला आवाज एवढं त्याच्याकडे कायम असायचं. पॅनेलची माणसं खूश राहावीत म्हणून त्यानं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीची सहल काढली. ओळखीनं संसदेचे पास मिळवले, नवी इमारत आणि जुनी, दोन्ही. चौतीस माणसं. त्यात ज्ञानेश होता, कारण विजयसिंहानं त्याला खासगीत सांगितलं होतं, "पॅनेल आलं की उपसरपंच तू. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत नाव फोडतो." ज्ञानेश बेचाळीस वर्षांचा होता. कुणी त्याच्या नावामागं काही पद लावण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

निघायच्या आदल्या सकाळी तात्या डेअरीवर आला. दाढी केलेली, धुतलेला सदरा.

"विजयसिंहराव, आता तुमी जाताच हाय. तुमच्या डोळ्यानं बघा. पंखं उलटं असलं तर एवढंच करा, ह्या सव्वीस जानेवारीला ग्रामसभेत मला फेटा बांधा आन् रामहरी म्हणून हाक मारा. एकदाच."

"आन् नसलं तर?" संभाजीनं विचारलं.

"नसलं तर त्याच ग्रामसभेत कान धरून सांगंन, वीस वरसं खोटं बोललो म्हून."

विजयसिंहानं त्याच्या हातावर टाळी दिली. तात्याचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा फुललेला. घरी जाऊन त्यानं ट्रंकेतला जुना फेटा काढला आणि अनिताला धुवायला दिला. "नवीन नगं," तो म्हणाला, "ह्योच बांधत्याल."

दिल्लीत चौतीस माणसांनी मोबाईल बाहेर जमा केले आणि ती रांगेनं आत गेली. नवी इमारत बघून झाली, भपका बघून माना दुखल्या. मग जुन्या इमारतीतल्या मधल्या हॉलात नेलं.  वर घुमट होता, इतका वर की बघताना टोपी पडावी. आणि खाली, बाकांच्या मधून, फरशीतून निघालेले उंच दांडे उभे होते. दांड्यांच्या टोकाला पंखे.

 माहिती सांगणारा माणूस हिंदीत सांगत होता, की घुमट फार उंच असल्यानं पंखे वरून टांगले नाहीत, खालून उभे केले, आणि पुढं इमारतीची आठवण म्हणून ते तसेच ठेवले. शब्द न् शब्द तात्याचा होता. ज्ञानेशला वाटलं, आपण शाळेतल्या पोरासारखं ओरडावं, ह्यो माझा बाप पुसत हुता! त्याचे डोळे भरून आले. वीस वर्षं ज्या माणसाची लाज वाटली, त्या माणसाचा असा अभिमान त्याला उभ्या जन्मात वाटला नव्हता. एका दांड्याजवळून जाताना त्यानं हळूच त्याला हात लावला. शिपाई खेकसला तेव्हा त्यानं हात मागं घेतला.

"च्यायला," संभाजी शेजारी पुटपुटला, "म्हातारं खरं बोलत हुतं की."

त्याच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. जत्रेत तमाशाचा तंबू उखडताना पोरांचं तोंड होतं तसं त्याचं तोंड झालं होतं.

परतीची गाडी दुपारी दौंडला पोचली. तिथून पुढं ठरवलेली बस. पाटसच्या पुढं आल्यावर संभाजी उठला आणि बसच्या मधल्या जागेत दोन्ही हातांनी दांड्या धरून उभा राहिला.

"मंडळी, आपुन संसद बघून आलो. आता हितं बसच्या सभागृहात एक ठराव मांडतो. ठराव असा की, पंखं न्हाईत."

बसमध्ये खसखस पिकली. "अध्यक्षमहाराज," कुणीतरी मागून म्हणालं, "सूचक संभाजी, अनुमोदक मी."

हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. कारखान्याची वार्षिक सभा असो, सोसायटीची असो, ठराव वाचून पुरा व्हायच्या आत 'मंजूर, मंजूर' ओरडायचं आणि जेवणाच्या मांडवाकडे पळायचं, ही ह्या भागातली रीतच. काय मंजूर केलं ते उसाच्या पानावर लिहिलं असतं तरी कुणी वाचलं नसतं. आणि मंजूर झालं की मग ते तसंच असतं. मागाहून कुणी फाटे फोडायचे नाहीत, ही शिस्त मात्र सगळे पाळायचे.

"थट्टा करू नगा," ज्ञानेश म्हणाला. तो हसत हसत म्हणाला, हीच त्याची पहिली चूक.

"थट्टाच हाय रं," विजयसिंह पुढच्या सीटवरून वळून म्हणाला. "सव्वीस तारखेला कान धरू दे म्हाताऱ्याला, गाव पोट धरून हसंल, मग आपणच सांगू की व्हतं म्हून. फेटा बी बांधू. चार दिसांची गंमत." मग त्यानं आवाज खाली आणला. "पॅनेल म्हंजी एक घर असतं ज्ञानेश. घरातला एक फुटला की समदं फुटतं. उपसरपंच व्हायचंय ना तुला?"

"ठरावाच्या बाजूचे हात वर करा," संभाजी ओरडला.

हात वर गेले. बस खड्ड्यातून गेली तेव्हा सगळे हात एकदम हलले. ज्ञानेशनं खिडकीबाहेर पाहिलं. उसाच्या गाड्या एकामागं एक चालल्या होत्या. चार दिवसांची गंमत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बापानं वीस वर्षं सोसलं, अजून पंधरा दिवस सोसेल. स्वतःला फसवायला माणसाला फार हुशारी लागत नाही. त्यानं हात वर केला, अर्धाच. पण मोजणाऱ्यानं पूर्ण मोजला.

"सर्वानुमते मंजूर!"

तात्या फाट्यावर येऊन उभा होता. दुपारपासून उभा होता, असं टपरीवाल्यानं नंतर सांगितलं. काखेत धुतलेला फेटा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बस थांबली, माणसं उतरायला लागली. पहिला उतरला त्यानं मान हलवली, "न्हाय तात्या." दुसऱ्यानंही. तिसऱ्यानं तर खांद्यावर हात ठेवून फार वाईट वाटल्याचा आव आणला. तात्या प्रत्येकाकडे बघून हसत होता. त्याला ही थट्टा वाटत होती, आणि थट्टेची त्याला सवय होती. तो बसच्या दारात एकाच माणसाची वाट बघत होता.

ज्ञानेश शेवटी उतरला; आत फक्त विजयसिंह उरला होता.

"तू सांग," तात्या म्हणाला. "ह्यांचं राहू दे. तू बघितलंस न्हवं?"

मागं बसच्या खिडकीत विजयसिंहाचं तोंड होतं.

"न्हाईत तात्या," ज्ञानेश म्हणाला. "वर छताला व्हते. साधंच."

तात्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथंच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस निघून गेला. काखेतलं पुडकं खाली पडलं. ते ज्ञानेशनं उचललं आणि दोघं घरी चालत गेले.

पुढचे दिवस तात्या डेअरीवर गेला नाही. ओट्यावर बसून हात हवेत फिरवायचा; डावा हात काहीतरी धरल्यासारखा, उजवा गोल. पातं वरून पुसायचं, धूळ वरच्या अंगाला बसते, असं तो पूर्वी सांगायचा. आता तो हात अर्ध्यात थांबायचा. मग वर आढ्याला लटकणाऱ्या घरातल्या पंख्याकडे बघायचा आणि हात खाली करून, वर करून, मेळ घालायचा.

एकदा जेवताना त्यानं विचारलं, "ज्ञानेश, खांब तरी हायती का रं?"

"कसलं खांब?"

"भाईरचं. एकशे चव्वेचाळीस."

"हायती की तात्या."

"मोजलंस?"

"न्हाय."

"मग तसं म्हणू नगंस," तात्या म्हणाला आणि ताट बाजूला सारून उठला.

अनितानं त्या रात्री नवऱ्याला गाठलं. "माझ्याकडं बघून सांगा. फोटोत व्हते ते पंखे तितं न्हाईत?" ज्ञानेश तिच्याकडे बघू शकला नाही, तेव्हाच तिला कळलं. "आता उठा, आन् त्यांना सांगा."

"सव्वीस तारखेला सगळं गावच सांगणार हाय. गंमत हाय ती."

"बापाच्या मढ्यावर बसून गंमत करताय व्हय?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः सासऱ्याजवळ जाऊन बसली, मोबाईलवरचा फोटो दाखवला, सगळं सांगितलं. तात्यानं फोटो लांब धरून पाहिला, परत दिला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरी, तू लई मायेची हाईस. पण मोबाईलचं काय? ज्ञानेश डोळ्यानं बघून आलाय."

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरांना बुंदी वाटली, आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. एरवी कोरमसाठी माणसं शेतातून गोळा करून आणावी लागतात. त्या दिवशी बाया-बापड्यांसह अख्खं गाव होतं. संभाजीनं माइक तपासला. विजयसिंहानं आधी पॅनेलची नावं वाचली. "उपसरपंचपदासाठी आपला ज्ञानेश रामहरी शेरे," तो म्हणाला, "मंजूर?" "मंजूर, मंजूर!" टाळ्या पडल्या. ज्ञानेशला हार घातला. हार गळ्यात असतानाच पुकारा झाला, "आता उलटेतात्या."

तात्या उठला. धोतर सावरत माइकपाशी गेला. दोन्ही हातांनी कान धरले. ते करताना तो एवढासा दिसला, की पुढं बसलेल्या एक-दोन बायांनी पदर तोंडाला लावला. बाकीचं पटांगण हसायची वाट बघत होतं.

"मी रामहरी शेरे," तो म्हणाला. "वीस वरसं तुमाला सांगत आलो, पंखं उलटं हायती. ते खोटं व्हतं. मुद्दाम न्हाय बोललो. म्हातारपणी डोक्यात काय बसलं असंल, मला म्हाईत न्हाय. खांबाचं बी आता मी सांगत न्हाय. तुमी मला हसलात ते बरोबरच केलंत. माफी असावी."

हशा फुटला. पोट धरून माणसं हसली, कुणी शिट्ट्या मारल्या. संभाजीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यानं तात्याच्या हातून माइक घेतला आणि हसता हसता ओरडला, "तात्या, व्हते की! उलटंच व्हते! चौतीस जणांनी बघितलं!"

आता तर पटांगणात कुणाचंच हसू आवरेना. विजयसिंह फेटा घेऊन पुढं आला, अगदी ठरल्याप्रमाणं. "या रामहरीराव," तो म्हणाला, "जिंकलात तुमी!" वीस वर्षांत पहिल्यांदा गावानं त्याला त्याच्या नावानं हाक मारली.

तात्या फेट्याकडे बघत राहिला. मग मान हलवून दोन पावलं मागं सरला. कान त्यानं अजून सोडले नव्हते.

"आता पुरं करा," तो म्हणाला. "माफी मागितली न्हवं? आनी किती हसाल."

ज्ञानेश हार तोडून धावत गेला. फुलं पायाखाली गेली. त्यानं बापाचे दोन्ही हात धरून कानांवरून खाली काढले.

"तात्या, खरं सांगतो, व्हते. मी हात लावला एकाला. फरशीतनं वर, तुमी सांगितलं तसंच. मी खोटं बोललो फाट्यावर. मी!"

तो रडत होता. लोक हसायचे हळूहळू थांबले. तात्यानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर ज्ञानेश तरला असता. राग नव्हता. सदऱ्याच्या बाहीनं तात्यानं लेकाचे डोळे पुसले; आधी वरून, मग खालून.

"न्हाय रं बाळा," तो हळूच म्हणाला, "बापाची लाज राखायला चारचौघांत खोटं बोलू नगंस. उपसरपंच झालास आता."